‘येशू’ म्हणाले की ‘येतो’

वन्सं,

परवा नवे पाळकसाहेब येऊन गेले. तुमच्या स्मरणसभेची पत्रिका छापायला टाकायची होती, म्हणून वही घेऊन बसले. अगदीच कोवळे आहेत. दर वाक्याला डोळे मिटतात, त्यामुळे चहाचा कप पुढे कधी करायचा तेच कळत नाही. जन्मगाव, शाळा, कोर्टातली नोकरी असं सगळं उतरवून झालं आणि मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “आत्याबाईंचे शेवटचे शब्द काय होते?”

आपल्या मंडळीत हा प्रश्न चुकत नाही. माणूस गेलं की जमलेल्यांतलं कोणीतरी विचारतंच, आणि घरच्यांना काहीतरी सांगावं लागतं. कोणी गीत म्हणता म्हणता गेलेलं असतं, कोणाला दारात उजेड दिसलेला असतो. मी सांगितलं, “‘दूधवाल्याला सांग, उद्यापासून अर्धा लिटर.’”

त्यांचं पेन कागदावर टेकलं नाही.

“हो, ते आहेच. पण त्यानंतर? एखादी प्रार्थना?”

“त्यानंतर भिंतीकडे तोंड केलं.”

“ओठ हलले असतील.”

“साहेब, मी खाटेला गुडघा लावून बसले होते. आणि वन्सं जन्मात कधी पुटपुटल्या नाहीत.”

शेवटी त्यांनी ‘प्रभूच्या ठायी शांतपणे विसावल्या’ असं लिहिलं आणि उठले. तुम्ही असतात तर ‘शांतपणे’वर हरकत घेतली असती.

ते गेल्यावर मी तिथेच बसून राहिले. अर्धा लिटरसुद्धा एका माणसाला जास्तच होतं, वन्सं. विरजण लावते, तर दही उरतं. दही वाटायला शेजारी जावं, तर शेजारीण म्हणते, “बसा ना आजी,” आणि मी बसले की तिला आठवतं की तिचं काम राहिलंय.

दहा-अकरा वर्षांपूर्वीची मार्था असती तर तिने पाळकसाहेबांना असं हात हलवत पाठवलं नसतं. त्या बाईला तुम्ही चांगलं ओळखत होतात, मी जरा उशिरा ओळखायला लागले. संडे स्कूलची मुख्य शिक्षिका, महिला मंडळाची चिटणीस, पन्नाशी उलटलेली आणि स्वतःला प्रेषित पौलाची धाकटी बहीण समजणारी. पर्समध्ये चार रंगांच्या पेन्सिली. मत्तय तांबडा, मार्क हिरवा, लूक निळा, योहान पिवळा. चौघांनी प्रभूचं जे चरित्र चार तऱ्हांनी सांगितलंय ते रेघा मारून एकत्र आणायचं आणि सिद्ध करायचं की शुभवर्तमानांत एवढीशीसुद्धा फट नाही. माझं पवित्र शास्त्र त्यामुळे लहान मुलाच्या चित्रकलेच्या वहीसारखं दिसायचं, आणि मला त्याचाही अभिमान.

तुम्ही कोर्टातून निवृत्त होऊन इंदिरानगरात आमच्याकडे राहायला आलात, आणि त्या पेन्सिलींना पहिल्यांदा विरोधी पक्ष मिळाला. तुम्ही उभं आयुष्य लोकांच्या साक्षी लघुलिपीत उतरवून घेतल्यात. जो बोलेल ते, जसं बोलेल तसं, एक काना इकडचा तिकडे नाही. दुपारी चारला चहा व्हायचा, आपण दोघी समोर परात घेऊन मेथी निवडायला बसायचो आणि तुम्ही सुरू करायचात.

“मार्था, यरीहोच्या वाटेवर आंधळे किती होते?”

“दोन.”

“मत्तयाचे दोन. मार्काकडे एकच बसलाय.”

“दोन होते म्हणजे एक होताच की, वन्सं. त्यातला एक जास्त बोलका असेल.”

“आणि लूक म्हणतो, प्रभू गावात शिरत होता. बाकीचे म्हणतात, गावातून निघाला होता.”

“गाव लहान असेल.”

आतल्या खोलीतून यांचा आवाज यायचा, “तुम्ही दोघी मिळून पाचवं शुभवर्तमान काढा आणि मला झोपू द्या.” यांची दिवसपाळी नसली की ते दुपारी झोपायचे. देवळाली कॅम्पात नोकरी, घरातून डबा घेऊन बस धरायची. निघताना दारात बूट चढवून झाले की कोणाकडेही न बघता म्हणायचे, “येतो.” कधी ‘जातो’ म्हणाले नाहीत. सासूबाईंनी तुम्हा दोघांना लहानपणी तेवढं एक पक्कं शिकवलं होतं, की उंबऱ्यात ‘जातो’ म्हणू नये.

ईस्टरची ती नाटिका आठवते का? आठवत असणार, तुम्ही ती मला आठ वर्षं विसरू दिली नाहीत. मी लिहिली होती, चारही शुभवर्तमानं एकत्र बसवून. योहानात मग्दालीया मरीया एकटीच प्रभूच्या कबरेपाशी जाते, अंधार असतो. मत्तयात दोघी मरीया. मार्कात तिघी, आणि सूर्य वर आलेला. लूकमध्ये आणखी बायका. देवदूत एका ठिकाणी बाहेर, कबरेच्या तोंडावरून लोटलेल्या धोंड्यावर बसलेला, दुसऱ्या ठिकाणी आत उजवीकडे, तिसऱ्या ठिकाणी दोघे उभे, चौथ्या ठिकाणी दोघे बसलेले. मी कोणालाही गाळलं नाही. गाळलं असतं तर ते मत्तयावर अन्याय केल्यासारखं झालं असतं. त्यामुळे माझ्या बायका कबरेपाशी चार वेळा गेल्या आणि चार वेळा परत आल्या. फ्रिजच्या खोक्याचा केलेला धोंडा तिसऱ्या खेपेला दुमडला. देवदूत एकदा बसत होता, एकदा उठत होता, आणि शेवटी त्याला कळेना की आता आपण एक आहोत की दोन. अर्ध्या तासाची नाटिका दोन तास चालली. मी पडद्यामागून घाम पुसत बाहेर आले. वाटलं होतं, तुम्ही काहीतरी बरं बोलाल. तुम्ही पर्स काखेत मारली आणि म्हणालात, “मग्दालीया मरीयेने आज इंदिरानगर ते देवळाली कॅम्प पायी काढलं.”

मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. यांनी मात्र नाटिकेतला भूकंप फार आवडल्याचं सांगितलं. पत्र्याचा होता.

आता ज्याच्यावरून खरं भांडण झालं ते लिहिते. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं तेव्हा काय झालं तेही पुढे येईलच.

यांना दवाखान्यातून घरी आणलं होतं. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं की त्याचा अर्थ काय असतो ते सगळ्यांना कळतं आणि कोणी एकमेकांना सांगत नाही. पुढच्या खोलीत खाट टाकली होती. चौथा दिवस, दुपारचे चार. तुम्ही खाटेजवळ स्टुलावर होतात आणि मी स्वयंपाकघरात. पेज करायची म्हणून कुकर लावला होता. शास्त्रातली मार्था प्रभू घरी आला असताना भांड्यांत अडकून पडली होती, मी मरण घरी आलं असताना. आईवडिलांनी नाव विचार करून ठेवलं होतं म्हणायचं.

कुकरची शिट्टी झाली. त्या शिट्टीत कुठेतरी मला यांचा आवाज आला. ‘ये’ एवढाच. पुढचं शिट्टीने खाल्लं. मी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि बाहेर आले. तुम्ही त्यांचे डोळे मिटत होतात.

मग मी त्यांचा हात हातात घेऊन बसले, आणि लोक येऊ लागले. तासाभराने जुने पाळकसाहेब आले. त्यांनी प्रार्थना केली, आणि मग तोच प्रश्न. शेवटी काही बोलले का?

मी म्हणाले, “‘येशू’ म्हणाले. माझा हात धरला आणि ‘येशू’ म्हणाले.”

तुम्ही खिडकीपाशी उभ्या राहून चादरीची घडी करत होतात. घडी थांबली. मी खाली मान घालून बसले होते, पण मला कळलं की ती थांबली. मग ती परत सुरू झाली.

का म्हणाले मी तसं? लबाडी करायची म्हणून नाही, एवढं खरं. मला ‘ये’ ऐकू आलं होतं आणि संडे स्कूलच्या मुख्य शिक्षिकेच्या नवऱ्याच्या तोंडी ‘ये’च्या पुढे दुसरं काय असणार. हात मात्र मी नंतर आणला. तो शोभेसाठी होता. एकदा बोलून गेले आणि सगळ्या खोलीने ‘आमेन’ म्हटलं. ‘आमेन’ म्हटल्यावर शब्द परत घेता येत नाही, वन्सं. मातीच्या वेळी साहेबांनी त्याच एका शब्दावर पाऊण तास उपदेश केला. बायका रडल्या. मीही रडले, आणि त्या रडण्यात थोडा मोठेपणा मिसळलेला होता, हेही आता सांगून टाकते. पुढे कबरेवर दगड बसवला त्यावरही तो शब्द आला.

दगड बघून आपण कबरस्तानातून परत निघालो होतो. तुम्ही फाटकाशी थांबलात.

“मार्था, तो ‘येतो’ म्हणाला.”

“वन्सं, मी ऐकलं.”

“मीही ऐकलं. ‘येतो.’ रोज बसला निघताना म्हणायचा, तसंच.”

“मरताना माणूस काय बसला निघतो?”

“निघतो तर खरा,” तुम्ही म्हणालात, आणि फाटकाची कडी लावलीत.

त्या दिवसापासून आपल्या चार शुभवर्तमानांच्या भांडणात हे एक घरचं घुसलं. कोणताही विषय काढा, तो फिरून तिथेच यायचा. दर उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन देवळात प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात उपदेश होतात. सातवा उद्गार वर्षानुवर्षं माझ्याकडे असायचा. एके वर्षी परत येताना रिक्षात तुम्ही म्हणालात, “सात उद्गार ऐकले कोणी?”

“म्हणजे काय? चौघांनी.”

“मत्तयाने एक ऐकला. मार्काने तोच. लूकने तीन ऐकले, ते निराळे. योहानाने तीन, ते आणखी निराळे. सात एकानेही ऐकले नाहीत. सात ही तुमची बेरीज.”

“सगळे मिळून खरं होतं ते.”

“मग मरताना शेवटचं काय म्हणाला? लूक म्हणतो, आत्मा बापाच्या हाती सोपवला. योहान म्हणतो, पूर्ण झालं म्हणाला आणि मान टाकली. मार्क म्हणतो, मोठ्याने ओरडला. काय ओरडला ते त्याला ठाऊक नाही.”

रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं. “मावशी, कोणाचा खून झाला का?”

“जुनी केस आहे,” तुम्ही म्हणालात. “तू समोर बघ.”

मला हसू आलं होतं, पण मी ते दाखवलं नाही. दाखवलं असतं तर तुम्ही जिंकला असतात. आता वाटतं, दाखवायला हवं होतं. एवढी मोठी बाई रिक्षात ओठ दाबून बसलेली, कशासाठी, कोण जाणे.

मला तेव्हा वाटायचं, तुमचा विश्वास कमी आहे. एकदा तसं बोलूनही दाखवलं. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, “आमचे साहेब चार साक्षीदारांचे जबाब शब्दाला शब्द जुळले की पेन खाली ठेवायचे. पढवलेत म्हणायचे.”

“मग न जुळलं की खरं?”

“तसंही नाही. खोटारड्यांचंही जुळत नाही. पण मार्था, तुझ्या पेन्सिली बघितल्या की मला वाटतं, तू चौघांना व्हरांड्यात घेऊन पढवत बसली आहेस.”

पेन्सिली मी त्यानंतर वापरल्या नाहीत. संपल्या असं तुम्हाला सांगितलं.

आणि ती एक दुपार. तुम्ही चष्मा लावून मत्तय वाचत होतात. मध्येच थांबलात आणि मला तो भाग दाखवलात. वधस्तंभावरून प्रभू ‘एली, एली’ म्हणतो, म्हणजे माझ्या देवा, माझ्या देवा. आणि जवळ उभे असलेले काही जण म्हणतात, हा एलीया संदेष्ट्याला हाक मारतोय.

“हे बघ,” तुम्ही म्हणालात. “अगदी पायाशी उभे होते, तरी त्यांना नीट ऐकू आलं नाही. आणि हे खोडलं नाही कोणी. ऐकण्यात चूक झाली तीसुद्धा लिहून ठेवली. असा जबाब मी सगळ्या नोकरीत उतरवून घेतला नाही.”

तुमचा आवाज वेगळा येत होता. डोळ्यांत पाणी होतं बहुतेक. पण मला तो टोमणा वाटला. येशू आणि येतो, दुसरं काय. मी परात उचलून आत गेले आणि त्या दिवशी तुमचा चहा बिनसाखरेचा केला. तुम्ही तो सगळा प्यायलात आणि कप धुऊन ठेवलात.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा बघायला हवी होती. तुम्हीच कितीदा सांगितलं होतं, की उलटतपासणीत चांगला वकील आधी शब्दांवर जात नाही. तो साधा प्रश्न विचारतो. घटनेच्या वेळी तुम्ही कुठे उभे होता? अर्धे साक्षीदार तिथेच आडवे होतात म्हणायचात. हा प्रश्न तुम्ही मला कधी विचारला नाहीत. तुम्हाला माहीत होतं मी कुठे होते. खोलीत तुम्ही आणि ते, दोघंच होतात. माझ्या साक्षीतला हात खोटा आहे हे जगात एकट्या तुम्हाला ठाऊक होतं. एवढी वर्षं आपण शब्दावरून तावातावाने भांडलो, मी तुम्हाला अविश्वासी म्हणाले, कंजूष म्हणाले, एकदा तर ‘लग्न केलं असतं तर कळलं असतं’ असंही म्हणाले. तुम्ही लाल झालात, उठून गेलात, पण तो प्रश्न काही काढला नाहीत. मी त्याची वाट बघायचे. उत्तर तयार होतं माझ्याकडे, अर्थात खोटंच.

मध्ये कुंभमेळा होऊन गेला. गावभर नवे रस्ते झाले. आपल्या नातीची, रिबेकाची दहावी झाली, ती शिकायला पुण्याला गेली. घरात आपण दोघी उरलो आणि भांडायला वेळच वेळ. तुमचा श्वास कमी पडायला लागला तेव्हा हरसूलकडची पारू दिवसभर तुमच्याजवळ बसायला येऊ लागली. गेल्या महिन्यातली गोष्ट. मी तुमचे पाय चेपत होते. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात,

“मार्था, खरं सांगू? मला ‘ये’ एवढंच ऐकू आलं.”

मी पाय सोडला नाही. काय ते मला लगेच कळलं होतं.

“शिट्टी झाली ना तेव्हा. पुढचा ‘तो’ माझा. मी जोडला.”

“आत्याबाई, लय बोलू नका,” पारू म्हणाली. “धाप लागंल.”

तुम्ही डोळे उघडलेत आणि माझ्याकडे बघितलंत. आता माझी पाळी होती. मी नुसतं म्हणायचं होतं, वन्सं, मी खोलीत नव्हते. सहा-सात शब्दही नाहीत. तुम्हाला ते ठाऊकच होतं, तुम्हाला फक्त माझ्या तोंडून हवं असेल. किंवा नकोही असेल. मी म्हणाले, “तुमच्या गोळीची वेळ झाली,” आणि उठले. गोळीची वेळ झाली नव्हती. तरी तुम्ही ती घेतलीत.

त्यानंतर तुम्ही अकरा दिवस होतात. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. रोज काही ना काही काम निघायचं. माझ्या नावाच्या बाईला कामाला काय तोटा.

म्हणून आजच्या स्मरणसभेत, शेवटचं गीत झाल्यावर पाळकसाहेबांनी “मार्थाबाई दोन शब्द बोलतील” असं म्हटलं, तेव्हा मी उभी राहिले आणि बोलून टाकलं. म्हटलं, दूधवाल्याचं वाक्य पत्रिकेत आलेलं नाही, पण वन्संचे शेवटचे शब्द तेच होते, मी तिथे होते. आणि माझा नवरा गेला तेव्हा मी तिथे नव्हते. मी स्वयंपाकघरात होते. त्यांनी माझा हात धरला नव्हता. ‘येशू’ मी ऐकलं नाही, मी ते लावलं. दगडावर आहे ते मी लावलेलं आहे. वन्संना ठाऊक होतं आणि त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

मला वाटलं होतं, छप्पर खाली येईल. ते जागेवरच राहिलं. मग दुसऱ्या बाकावरून बेंजामिनभाऊ उठले. यांच्याच ऑफिसातले, आता कानाने कमी.

“मार्थाबाई, दुःखात माणूस काहीही बोलतं. तुम्ही हात धरूनच बसला होतात. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.”

“भाऊ, तुम्ही तासाभराने आलात.”

“आलो तेव्हा हात तुमच्या हातातच होता,” ते म्हणाले. “शपथेवर सांगतो.”

आणि वन्सं, ते खरं सांगत होते. त्यांनी जे बघितलं तेच. मागून दोघी-तिघी बायका म्हणाल्या, हो हो, आम्हीपण बघितलं. एकीने तर ‘येशू’ शब्द स्वतःच्या कानांनी ऐकल्याचं सांगितलं, आणि ती तेव्हा सटाण्याला राहत होती. पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि माझ्या खचलेल्या मनासाठी प्रार्थना केली. दारात सगळ्यांनी माझा हात दाबून सलाम केला. कोणी माझ्यावर रागावलं नाही. एवढ्या मोठ्या मंडळीत मला खोटं ठरवणारं एकही माणूस नव्हतं. जी होती तिच्यासाठीच तर सभा भरली होती.

पेन्सिली घेऊन बसले असते तर हेही जुळवता आलं असतं मला.

घरी आलो. रिबेका पुण्याहून सभेसाठी आली होती, तिची संध्याकाळची बस होती. बुटाचे बंद सोडता सोडता तिने विचारलं, “आजी, मग आजोबा नक्की काय म्हणाले?”

“मला ‘ये’ ऐकू आलं. तुझ्या आत्याआजीलाही तेवढंच.”

“मग ‘ये’च म्हणाले असतील ना.”

“पुढे काहीतरी होतं गं. शिट्टी झाली.”

“पण पुढे काही नसेल तर?” ती म्हणाली. “तू आत होतीस ना? मग तुला बोलावलं असेल. ये म्हणून.”

आणि तिने मोबाईल चार्जिंगला लावायला प्लग कुठे आहे ते विचारलं. मी तिला तो दाखवला.

ती गेल्यावर मी हे लिहायला बसले आहे.

वन्सं, तुम्ही स्टुलावर होतात. त्यांचं तोंड तुम्हाला दिसत होतं, ते कुठे बघत होते तेही. दाराकडे बघत होते का? स्वयंपाकघराच्या? जी बाई खुनाच्या आरोपीच्या वाक्यात स्वल्पविराम घालत नव्हती, तिने आपल्या भावाच्या शेवटच्या शब्दाला एक अक्षर जोडलं आणि मग ते वर्षानुवर्षं राखत बसली. मी गप्प झाले की तुम्हीच विषय काढायचात. मला वाटायचं, तुम्हाला जिंकायचंय. ‘येतो’ म्हणणारा माणूस निघालेला असतो, त्याच्याजवळ कोणी धावत यायचं राहिलेलं नसतं. ‘ये’ म्हणणाऱ्याचं तसं नाही. माझ्या ‘येशू’ला तुम्ही धक्का लावला नसतात तर कधीतरी मीच त्या नुसत्या ‘ये’शी एकटी पोचले असते, आणि मला तिथे पोचू द्यायचं नाही म्हणून तुम्ही मध्ये उभ्या राहून भांडत होतात, असं मला आज वाटतंय. जाण्याआधी तुम्हाला चुकीची नोंद मागे ठेववेना, म्हणून ‘तो’ तेवढा काढून घेतलात. बाकीचं बोलला नाहीत.

किंवा तसं काही नसेलही. मला जोडायची सवय आहे.

विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतंत ते मला पक्कं ठाऊक आहे. चष्मा काढून पुसला असतात आणि म्हणाला असतात, “छे. ‘येतो’ म्हणाला, मार्था. मी तिथे होते.” एकदा म्हणा ना, वन्सं. या खेपेला मी वाद घालणार नाही.